चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या त्वचेचा आक्रमक कॅन्सर : ऑपरेशन कसं होतं आणि कुठे फसतं

‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य सोलापुरातल्या कुठल्याही कॅन्सर ओपीडीबाहेरच्या बाकावर ऐकू येतं. चाकूने कॅन्सर पसरत नाही, पण ही समजूत उगाच जन्माला आलेली नाही. नाकाशेजारची ‘चामखीळ’ कोणीतरी जागा बधिर करून काढलेली असते, तुकडा तपासायला पाठवलेला नसतो, वरचे टाके सुरेख जुळलेले असतात. आठ-दहा महिन्यांनी त्याच व्रणाखालून गाठ वर येते आणि तोवर ती हाडाला चिकटलेली असते. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की चाकू लागला आणि वाढलं. खरं तर कॅन्सर आत शिल्लक राहिलेला असतो आणि वरून बंद केलेला असतो.

म्हणून पुढचं सगळं एकाच क्रमाभोवती फिरतं : आधी कडा साफ झाल्याची, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठाला कॅन्सर नसल्याची खात्री, मग चेहऱ्याची दुरुस्ती. हा क्रम उलटला की पहिल्या ऑपरेशनची संधी वाया जाते, आणि दुसऱ्या वेळी तितकीच चांगली संधी मिळत नाही. रुग्ण, नातेवाईक आणि ती जखम सगळ्यांत आधी पाहणारे फॅमिली डॉक्टर, तिघांच्या उपयोगाचं लिहायचा प्रयत्न केला आहे. काही मजकूर डॉक्टरांसाठीच आहे. नातेवाइकांनी तो वाचला तर प्रश्न नेमके विचारता येतील.

आक्रमक कोणाला म्हणायचं

त्वचेचा प्रत्येक कॅन्सर आक्रमक नसतो. बेसल सेल कार्सिनोमा सावकाश वाढतो आणि दूरवर जवळजवळ कधीच जात नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तो बऱ्याचदा काळा दिसतो, त्यामुळे ‘तीळ वाढलाय’ म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिला जातो. पण याच बेसल सेलचा एक प्रकार जुन्या व्रणासारखा सपाट, मेणचट, पांढुरका दिसतो. त्याची मुळं दिसणाऱ्या कडेच्या बरीच पुढे गेलेली असतात. तो आक्रमक.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमात, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींच्या कॅन्सरात, धोका कसा मोजतात, ते नातेवाइकांनीही समजून घ्यावं. रुंदी २ सेंटिमीटर किंवा जास्त, खोली ६ मिलिमीटरपेक्षा जास्त किंवा चरबीच्या थराच्या खाली, पेशी ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ (मूळ पेशींशी साम्य हरवलेल्या), नसेभोवती पसरलेला. यातलं एकही असलं तरी गंभीरपणे घ्यायचं आणि दोन-तीन एकत्र आले तर लगबगीने. कान आणि ओठ या जागा मुळातच वाईट. जुन्या भाजल्याच्या व्रणात, बसलेल्या डागाच्या जागी किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत उगवलेला कॅन्सरही वाईट. किडनी बदललेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या माणसाच्या डोक्यावरची खपली कधीच साधी समजू नये.

आणखी तीन नावं लक्षात ठेवा. पापणीतल्या तेलग्रंथींचा सेबेशियस कार्सिनोमा आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो आणि रांजणवाडीचं सोंग घेतो. एकाच जागी दोन-तीनदा परत आलेली ‘रांजणवाडी’, किंवा पापणीचे केस झडलेली गाठ, बायोप्सीशिवाय पुन्हा खरवडू नये. मर्केल सेल कार्सिनोमा म्हणजे न दुखणारी, लालसर-जांभळी, आठवड्या-आठवड्याला वाढणारी गाठ. मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, आपल्या चेहऱ्यावर कमी दिसतो, पण दिसला तर थांबायला वेळ नसतो. ‘पेरणी उरकू दे’, ‘आषाढी झाली की बघू’ ही सवलत साध्या बेसल सेलला एखाद वेळी परवडेल. या तिघांना नाही.

बायोप्सी : पहिला तुकडा

बायोप्सीने कॅन्सर खवळत नाही. उलट बायोप्सीशिवाय केलेलं ऑपरेशन म्हणजे माप न घेता कापड फाडणं.

स्क्वॅमस किंवा बेसल सेलचा संशय असेल तर ३ ते ४ मिलिमीटरचा पंच (कातडीचा गोल तुकडा काढणारी नळीसारखी सुरी) वापरतात. तुकडा घ्यायचा तो जिवंत कडेवरून. मधल्या सडलेल्या, खपली धरलेल्या भागातून घेतला तर रिपोर्ट येतो ‘नेक्रोसिस, मत देता येत नाही’, आणि दोन आठवडे गेले. पंच चरबीपर्यंत गेला पाहिजे. वरवर खरवडलेल्या तुकड्यात कॅन्सर किती खोल आहे हे कळतच नाही. काळ्या डागात मेलानोमाची शंका असेल तर शक्यतो अख्खा डाग १ ते ३ मिलिमीटर कडेसह काढतात, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्या जाडीवर ठरतो. डाग मोठा असेल तर सगळ्यांत जाड भागातून तुकडा घेतात.

बायोप्सीच्या आधी फोटो काढा. एक पूर्ण चेहऱ्याचा, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. हे किरकोळ वाटतं, पण पंचची जखम तीन आठवड्यांत भरते आणि मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत मूळ जागा डावीकडे होती की दोन बोटं खाली, यावरून घरात वाद सुरू असतो. मोबाइलमधला एक फोटो तो वाद मिटवतो.

बिब्बा, चुना, ॲसिड, कसलीशी जडीबुटीची पट्टी, यातलं काही लावलं असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. या गोष्टी वरचं कातडं जाळतात. वरून जखम भरल्यासारखी दिसते आणि खाली कॅन्सर वाढत राहतो. भाजलेल्या पेशींमुळे पॅथॉलॉजिस्टचाही गोंधळ होतो.

ऑपरेशनआधी : नस, हाड, गाठी

गालावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं का, वरचा ओठ किंवा कपाळ बधिर आहे का, भुवई उचलली जाते का, हे प्रश्न डॉक्टरांनी विचारले नाहीत तर तुम्ही सांगा. कॅन्सर नसेच्या आवरणातून डोळ्याखालच्या किंवा भुवईवरच्या भोकातून कवटीच्या तळाकडे सरकू शकतो, आणि बाहेर फक्त मुंग्या जाणवतात. अशी शंका असेल तर कॉन्ट्रास्ट एमआरआय. हाडाची शंका असेल तर सीटी स्कॅन. दोन्ही तपासण्या एकमेकींची जागा घेत नाहीत. नसेसाठी सीटी काढून ‘नॉर्मल आहे’ म्हणणं ही नेहमीची चूक.

गाठी (लसिकाग्रंथी) चाचपताना फक्त मान चाचपून चालत नाही. कपाळ, कानशील, कान आणि डोक्याचा पुढचा भाग यांचा पहिला थांबा कानापुढची पॅरोटिड ग्रंथी. डोक्याचा मागचा भाग मानेच्या मागच्या बाजूला उतरतो. खालचा ओठ हनुवटीखाली. संशय वाटला तर सोनोग्राफी आणि सुईने तपासणी. मर्केल, मेलानोमा आणि फार वाढलेल्या कॅन्सरला पेट-सीटी लागतं.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसलेल्या माणसाने टाके घालण्याच्या सोयीसाठी ॲस्पिरिन थांबवणं महागात पडतं. बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच ऑपरेशन होतं. तंबाखू, बिडी आणि मशेरी मात्र निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. इथे उपदेश करायचा नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅपचं (जखम झाकायला रक्तपुरवठ्यासह फिरवलेल्या कातडीचं) टोक काळं पडतं, एवढं साधं गणित आहे. मशेरी ‘फक्त दाताला’ लावली तरी निकोटिन रक्तातच जातं.

किती कड घ्यायची

लहान, स्पष्ट कडेच्या, कमी धोक्याच्या बेसल सेलला ४ मिलिमीटर चांगली कड पुरते. कमी धोक्याच्या स्क्वॅमसला ४ ते ६ मिलिमीटर. धोका जास्त असेल तर ६ ते १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. मेलानोमात जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर १ सेंटिमीटर, १ ते २ मिलिमीटरला १ ते २ सेंटिमीटर, २ च्या वर २ सेंटिमीटर. मर्केलला १ ते २ सेंटिमीटर.

पाठीवर हे आकडे सोपे आहेत. डोळ्याच्या कोपऱ्यात १ सेंटिमीटर म्हणजे डोळाच. म्हणून चेहऱ्यावर आकड्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली कड साफ दिसणं महत्त्वाचं, आणि मोह्स पद्धतीचा जन्म त्यातूनच झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात ती बसवली. ताटलीसारखा तिरका काप घेऊन बाजू आणि तळ एकाच पातळीत चपटे करतात, आडवे काप काढून अख्खी कड पाहतात, नकाशावर खूण करतात आणि जिथे कॅन्सर दिसेल तेवढीच जागा पुन्हा काढतात. नेहमीच्या पद्धतीत तुकड्याचे पावाच्या स्लाइससारखे उभे काप घेतात. त्यात प्रत्यक्ष पाहिली जाणारी कड एकूण कडेच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. मधल्या फटीतून एखादं मूळ निसटू शकतं.

मोह्स करणारी केंद्रं देशातल्या मोठ्या शहरांतही मोजकीच आहेत. त्यासाठी सगळं अडवून बसायचं कारण नाही. पर्याय पुढे येतो.

ऑपरेशनच्या दिवशी

खुणा इंजेक्शनच्या आधी. भूल टोचली की जागा फुगते, ॲड्रेनालिनने पांढरी पडते आणि कड दिसेनाशी होते. चांगल्या प्रकाशात, कातडी ताणून, भिंगातून आधी दिसणारी कड आखायची, मग तिच्याबाहेर ठरलेलं अंतर मोजपट्टीने. दोन रेषा. अंदाजाने आखलेले ६ मिलिमीटर मोजले की बरेचदा ४ भरतात.

लहान ऑपरेशन जागा बधिर करून होतं. ॲड्रेनालिनसह लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं २१ मिली किंवा १ टक्क्याचं ४२ मिली. डोक्यासारख्या मोठ्या जागेला १ टक्क्याचं घेतलेलं बरं, फिरवायला औषध पुरतं. टोचल्यावर निदान दहा मिनिटं थांबायचं. घाईत लगेच काप घेतला तर रक्त पुसण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

बाजूची कड सगळे जपतात. फसते ती तळाची. कातडी वाटीसारखी मध्ये खोल आणि कडेला उथळ काढण्याचा हाताला मोह होतो. काप सरळ उभा ठेवून, सगळीकडे एकाच थरापर्यंत खाली जायचं. कॅन्सर ज्या थरात आहे त्याच्या खालचा अख्खा थर सोबत यायला हवा : गालावर चरबीखालचा स्नायूपडदा, कानावर कूर्चेवरचं आवरण किंवा कूर्चाच. नाकपुडीची खाच, डोळ्याचा आतला कोपरा आणि कानापुढची घडी इथे कॅन्सर अपेक्षेपेक्षा खोल सापडतो.

कानशिलावर चेहऱ्याच्या नसेची वरची फांदी उथळ जाते. कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याच्या (ट्रॅगसच्या) जरा खालून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वर जाणारी रेषा मनात आखली की तिची वाट कळते. ती कापली गेली तर भुवई कायमची खाली येते. हे ऑपरेशनआधी रुग्णाला सांगायचं असतं, नंतर नाही.

मांडीवरून किंवा कानामागून कातडी घ्यायची असेल तर हातमोजे, चाकू, चिमटे नवे. कॅन्सर कापलेल्या सुरीने निरोगी मांडीला हात लावू नये.

काढलेला तुकडा

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त नुकसान या टेबलावर होतं आणि कोणाचं लक्ष नसतं.

तुकडा जागेवरून सुटण्याआधीच त्याला दोरे लावतात. एक आखूड दोरा वरच्या कडेला, एक लांब दोरा बाहेरच्या, म्हणजे कानाकडच्या कडेला. अर्जावर चेहऱ्याचं साधं चित्र काढून तिथेही तेच लिहितात. सुटल्यावर दोरे लावायचे ठरवलं तर नाण्याएवढा गोल तुकडा हातात एकदा फिरला की वर कुठलं आणि खाली कुठलं, हे ज्याने काढला त्यालाही सांगता येत नाही. मग रिपोर्टमध्ये ‘एका कडेला कॅन्सर पोचलेला’ येतं आणि ती कड चेहऱ्यावर कुठली, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

बाटली रुंद तोंडाची हवी. अरुंद तोंडातून कोंबलेला तुकडा वाकडाच घट्ट होतो आणि कडा दुमडतात. औषध १० टक्के फॉर्मलीन, तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहापट. सलाइन नाही, स्पिरिट नाही, पाणी तर नाहीच. सलाइनमध्ये रात्रभर राहिलेल्या तुकड्याच्या पेशी विरघळू लागतात. नाव बाटलीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही, कारण लॅबमध्ये एकाच वेळी चार झाकणं उघडी असतात. बाटली नातेवाइकांच्या हाती दिली असेल तर गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, फ्रीजमध्येही नको. घरच्या सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी पोचवून पावती घ्या.

कुठलाही तुकडा, कितीही लहान, कितीही ‘साधा दिसतोय’ म्हटलेला, तपासायला गेला पाहिजे. तपासणीचे पैसे वाचवायला टाकून दिलेला तुकडा पुढे किती महाग पडतो ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

बंद करायचं की थांबायचं

कडा साफ आहेत हे कळण्याचे तीन मार्ग. मोह्स, फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून लगेच तपासणं) किंवा वाट पाहणं. फ्रोझनमध्ये रुग्ण टेबलावर असतानाच अर्ध्या तासाच्या आसपास तोंडी उत्तर मिळतं. पण चरबी नीट गोठत नाही, हाड गोठवून कापता येत नाही, आणि जळालेल्या कडेवर पेशी ओळखू येत नाहीत. पापणीच्या सेबेशियस कार्सिनोमात पेशी कातडीतून विखरून पुढे जातात, तिथे फ्रोझनवर फार विसंबू नये.

वाट पाहणं हा सगळ्यांत कमी वापरला जाणारा आणि आमच्या मते आपल्या जिल्ह्याला सगळ्यांत साजेसा मार्ग. कॅन्सर काढून जखम उघडी ठेवायची, ओलसर ड्रेसिंग किंवा तात्पुरतं कातडीचं आवरण लावायचं आणि पक्का रिपोर्ट आल्यावर, साधारण पाच ते दहा दिवसांनी, दुरुस्ती करायची. नातेवाईक घाबरतात : ‘चेहऱ्यावर एवढं मोठं भोक तसंच ठेवणार?’ हो. भोक थांबतं, जंतुसंसर्ग क्वचितच होतो. पण कडा न कळता फ्लॅप फिरवला आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर शिल्लक निघाला, तर कातडी इथली तिथे गेलेली असते आणि शिल्लक कॅन्सर नेमका कुठल्या टाक्याखाली आहे हे शोधता येत नाही.

साधा, थेट टाके घालता येणारा काप असेल तर थांबायची गरज नाही. प्रश्न फ्लॅपचा आहे.

डोक्याची कातडी

डोक्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या घट्ट जाळीत अडकलेल्या असतात, कापल्यावर आकसून बंद होत नाहीत. कडेला क्लिपा लावाव्या लागतात. काप गेलियाच्या, म्हणजे कातडीखालच्या चिवट पडद्याच्या, खालपर्यंत. खाली कवटीवरचं आवरण मोकळं असेल तर ते ठेवायचं, कारण त्यावर कातडीची पट्टी धरते. उघड्या हाडावर ती धरत नाही; आठवड्याभरात सुकून कागदासारखी उचलून येते. आवरणाला कॅन्सर चिकटला असेल तर तेही काढायचं आणि हाडाचा वरचा थर रक्ताचे थेंब दिसेपर्यंत घासायचा. हाडातच शिरला असेल तर न्यूरोसर्जन सोबत हवेत.

तीन सेंटिमीटरपर्यंतची जागा कडा सैल करून जुळते. गेलियाला आतून सेंटिमीटर-सेंटिमीटरवर चिरा दिल्या की कातडी थोडी ताणते, पण चीर रक्तवाहिनीपर्यंत गेली तर फ्लॅपच धोक्यात. फार मोठ्या जागेला, विशेषतः नंतर शेक (रेडिएशन) द्यायचा असेल तर, मांडीचा किंवा पाठीचा स्नायू-कातडीचा तुकडा रक्तवाहिन्या जोडून बसवतात. ते काम मायक्रोसर्जरीची सोय आहे तिथेच.

नाक, पापणी, ओठ, कान

नाकाच्या शेंड्यावरच्या दीड सेंटिमीटरपर्यंतच्या जागेला शेजारच्या कातडीचा दोन पाकळ्यांचा फ्लॅप चालतो. मोठ्या जागेला कपाळाची कातडी. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या रक्तवाहिनीवर ती खाली वळवतात, आणि तीन आठवड्यांनी मधला देठ कापतात. या ऑपरेशनला जगभर ‘भारतीय पद्धत’ म्हणतात. पुण्यात कुंभार समाजातल्या एका कारागिराने कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक असंच बसवलं आणि त्याचं वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं. तीन आठवडे चष्मा घालता येत नाही, देठाची मागची बाजू ओली राहते, व्हॅसलीनची जाळी गुंडाळावी लागते. दिसायला विचित्र असतं. लग्नसराई पाहून तारीख घ्यायची असेल तर आधीच बोला.

पापणीचा पाव ते तृतीयांश भाग गेला तर थेट जुळते. त्याहून जास्त गेला तर दुसऱ्या पापणीचा आतला थर उसना घेतात आणि डोळा काही आठवडे मिटलेला राहतो. ज्याला दुसऱ्या डोळ्याने दिसत नाही त्याला हे चालणार नाही, हे आधी सांगायला विसरू नका. गालाच्या फ्लॅपचा ताण आडवा हवा आणि हाडाच्या आवरणाला टाका हवा, नाहीतर दोन महिन्यांत खालची पापणी बाहेर उलटते आणि डोळ्याला सतत पाणी येतं.

खालच्या ओठाचा एक तृतीयांश भाग पाचरीसारखा काढून सरळ जुळतो. जुळवताना ओठाची लाल रेषा आधी, बाकी नंतर. एक मिलिमीटरची पायरी पडली तरी समोरच्याला दिसते. कानाचा भागही असाच पाचरीसारखा काढून जुळवतात.

गाठी

मानेत किंवा पॅरोटिडमध्ये कॅन्सर सिद्ध झाला असेल तर त्या गाठी मूळ जागेबरोबरच काढतात. नुसती एक गाठ टोकरून काढण्यात अर्थ नाही. चेहऱ्याची नस पॅरोटिडमधून जाते; ती चालू असेल आणि कॅन्सरने वेढलेली नसेल तर वाचवतात. मर्केलमध्ये, आणि ०.८ मिलिमीटरपेक्षा जाड किंवा व्रण पडलेल्या मेलानोमात, गाठी हाताला लागत नसल्या तरी पहिली गाठ, म्हणजे त्या जागेचा निचरा सगळ्यांत आधी जिथे जातो ती, शोधून तपासण्याचा विचार करतात. ही तपासणी मूळ जागा काढण्याच्या वेळीच व्हावी. आधी रुंद काप घेऊन फ्लॅप फिरवला की निचऱ्याची वाट बदलते.

पहिले दहा दिवस

पहिल्या ४८ तासांत अचानक सूज, ताण आणि ठणका म्हणजे आत रक्त साठलंय. ‘सकाळी दाखवू’ नको, लगेच जा. डोळ्याभोवतीच्या ऑपरेशननंतर डोळा दगडासारखा घट्ट झाला किंवा नजर मंदावली तर मिनिटं मोजायची. टाके लगेच उघडावे लागतात.

फ्लॅप पांढरा आणि गार म्हणजे रक्त येत नाही. जांभळा आणि दाबल्यावर झटकन रंग भरणारा म्हणजे रक्त परत जात नाही. दोन्ही वेळी फोटो काढून सर्जनला पाठवा. कातडीच्या पट्टीवर बसवलेला कापसाचा गठ्ठा ५ ते ७ दिवस कोणी उचलून पाहायचा नाही. पट्टी मरते ती तीन कारणांनी : खाली रक्त, सरकणं, जंतू. पहिल्या दोन गोष्टी तो गठ्ठाच थांबवतो. मांडीवरची जागा १० ते १४ दिवसांत भरते. तिथलं चिकटलेलं ड्रेसिंग ओढून काढू नका, आपोआप सुटतं.

चेहऱ्याचे टाके ५ ते ७ दिवसांनी, डोक्याचे ७ ते १० दिवसांनी. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि घामाने पट्ट्या सुटतात. दुपारी पंख्याखाली, डोकं उंच करून पडा. नवा व्रण टिपायला आपला खरबरीत टेरी टॉवेल नको, धुतलेलं मऊ सुती फडकं घ्या, आणि घासू नका.

रिपोर्ट आणि शेक

‘मार्जिन्स फ्री’ एवढंच वाचून थांबू नका. प्रत्येक कड किती मिलिमीटरने साफ, तळ किती, खोली किती, नसेभोवती आहे का, रक्तवाहिनीत आहे का, हे लिहिलेलं हवं. तळ अर्ध्या मिलिमीटरने साफ असेल तर पुढचं बोलणं वेगळं. कड साफ नसेल आणि पुन्हा काढणं शक्य असेल तर आधी पुन्हा ऑपरेशन. त्याऐवजी थेट शेक हा आळशी मार्ग.

नस, गाठी किंवा फार खोल कॅन्सर असेल तर शेक म्हणजे रेडिएशन. साधारण ६० ग्रे (रेडिएशनचं माप), ३० बैठका, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आसपास सुरू व्हायला हवा. दातांची तपासणी आधी. लहानपणापासून उन्हात फोड येणाऱ्या झेरोडर्मा या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना शेक टाळतात.

हात लावता न येण्याइतक्या वाढलेल्या स्क्वॅमस कॅन्सरला आता सेमिप्लिमॅबसारखी इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध उभं करणारं औषध, आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. २०२२ मध्ये छापलेल्या चाचणीत ऑपरेशनआधी ती दिलेल्या ७९ पैकी निम्म्याहून किंचित जास्त रुग्णांच्या काढलेल्या तुकड्यात कॅन्सर उरलाच नव्हता. किंमत मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर.

कुठे जायचं, कागद कुठले

सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सिव्हिल हॉस्पिटल आहे, बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. मायक्रोसर्जरी, पापणीची मोठी दुरुस्ती किंवा कवटीचं काम असेल तर पुणे किंवा परळचं टाटा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. ऑपरेशन दोन टप्प्यांत होणार असेल तर मंजुरी मागतानाच तसं लिहून द्यायला सांगा.

दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा पाहतात. ब्लॉकही उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.

पुढची पाच वर्षं

जास्त धोक्याच्या स्क्वॅमसला पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. परत येणारा कॅन्सर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच येतो. व्रणाखाली कडक दाणा, कानापुढे किंवा मानेत गाठ, नव्याने बधिरपणा, यासाठी तारखेची वाट पाहू नका. उन्हात जाताना रुंद काठाची टोपी किंवा नीट बांधलेला पटका. नव्या कातडीवर हेल्मेटच्या आत मऊ सुती कापड.

डोक्याचा मागचा भाग स्वतःला दिसत नाही. केस कापणाऱ्याला सांगून ठेवा : व्रणाच्या आसपास नवी खपली किंवा गाठ दिसली तर त्यावरून वस्तरा फिरवायचा नाही, तिथेच आरसा धरून दाखवायची.